संघ कधी निवडला आणि आगाऊ रक्कम कधी मिळाली: विद्यापीठांच्या खेळात प्रशासनाचा वाटा

तालुक्याच्या एका महाविद्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या शारीरिक शिक्षण संचालकांनी विचारलं आहे: "आमच्याकडे चारशे मीटरचं मैदान आहे, जिम नवी झाली, मुलं मेहनती आहेत. तरी आमच्या विद्यापीठाचे संघ वेस्ट झोनच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेतच गारद होतात आणि पंजाबकडची विद्यापीठं वर्षानुवर्षं ट्रॉफी नेतात. यात विद्यापीठ प्रशासनाच्या प्राधान्यक्रमाचा वाटा खरंच किती? की आपलीच मुलं कमी पडतात?"

मुलं कमी पडत नाहीत. हे आधी सांगून टाकतो, कारण हरून परतताना आपल्यातले जुनेजाणते लोकही गाडीत हेच बोलतात आणि ते मुलांच्या कानावर पडतं. पुरावा हवा असेल तर २०२० सालच्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा आठवा. भुवनेश्वरला झाल्या होत्या. चंदीगडचं पंजाब विद्यापीठ पहिलं आलं आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दुसरं. सुवर्णपदकं दोघांची सारखीच होती, १७. रौप्यपदकं जास्त म्हणून पंजाब विद्यापीठ पुढे गेलं. म्हणजे महाराष्ट्रातली मुलं त्या टेबलावर बसू शकतात, बसलेली आहेत. मग दर वर्षी का बसत नाहीत, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बरंचसं प्रशासनाच्या इमारतीत सापडतं.

मी एकतीस वर्षं फिजिकल डायरेक्टर, म्हणजे तुमच्यासारखाच शारीरिक शिक्षण संचालक होतो. त्यातली बरीच वर्षं विद्यापीठाच्या निवड समित्यांवर आणि संघ व्यवस्थापक म्हणून गेली. या काळात सहा कुलगुरू पाहिले. खेळाबद्दल आस्था नसलेला त्यांच्यात एकही नव्हता. पण संघांचे निकाल हलले ते दोघांच्याच कारकिर्दीत, आणि त्या दोघांच्या काळात क्रीडा विभागाची तरतूद फारशी वाढलेली नव्हती. बदलल्या होत्या त्या तारखा. स्पर्धा कधी सुरू झाल्या, संघ कधी जाहीर झाला, पैसे हातात कधी पडले, परीक्षा कोणत्या आठवड्यात आली. प्रशासन खेळाला किती मानतं हे मला कधीही अंदाजपत्रकावरून कळलं नाही. ते कॅलेंडरवरून कळलं.

आपलं वर्ष कसं जातं ते बघा. बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या चालत राहतात, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश तर पार सप्टेंबरपर्यंत रेंगाळतात. प्रवेश झाला तरी विद्यार्थ्याचा पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, तयार व्हायला आणखी काही आठवडे. पीआरएन नाही म्हणून पात्रता अर्ज भरता येत नाही, अर्ज नाही म्हणून मुलगा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरू शकत नाही, आणि निम्म्या महाविद्यालयांची हीच अडचण म्हणून स्पर्धाच पुढे ढकलली जाते. विद्यापीठांतर्गत विभागीय स्पर्धा संपता संपता पहिल्या सत्राच्या परीक्षा येतात. निवड चाचणी परीक्षेनंतर. तोवर आंतरविद्यापीठ स्पर्धा भरवणाऱ्या भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) या संस्थेचं वेळापत्रक येऊन ठेपलेलं असतं. ते कोणासाठी थांबत नाही. शेवटी संघ जाहीर होण्याचा दिवस आणि गाडी सुटण्याचा दिवस यांच्यामध्ये आठ-दहा दिवस उरतात. त्याला आपण सराव शिबिर म्हणतो.

आठ-दहा दिवसांत शरीरात काय बदलतं? ताकद वाढायला सहा ते आठ आठवडे लागतात. मध्यम पल्ल्याच्या धावपटूचा पाया भरायला तीन-चार महिने लागतात. दहा दिवसांत फार तर सांघिक खेळातले इशारे जुळतात, साखळी जमते, एकमेकांची नावं पाठ होतात. आणि उत्साही प्रशिक्षक असेल तर तो त्या दहा दिवसांत तीन महिन्यांचा सराव करून घ्यायला जातो आणि थकलेले पाय घेऊन संघ रवाना होतो. हा दोष प्रशिक्षकाचा नाही. स्पर्धेच्या आधी सराव हलका करावा हे त्यालाही कळतं, पण हलका करायला आधी जड सराव झालेला लागतो ना!

आता रेल्वे. आरक्षण गाडीच्या साठ दिवस आधी उघडतं. संघाची यादी नऊ दिवस आधी लागली तर जयपूर, उदयपूर, भोपाळच्या गाड्यांना काय मिळणार? आमचा मुलींचा कबड्डी संघ असाच एकदा राजस्थानात निघाला होता. आगाऊ रकमेची फाईल लेखा विभागातून बाहेर आली ती आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला. बारा मुली, एक प्रशिक्षक, एक बाई व्यवस्थापक आणि मी. पक्की तिकिटं तीन. बाकीच्या मुली दोन बाकांच्या मध्ये वर्तमानपत्रं टाकून आळीपाळीने झोपल्या. बाईंनी रात्रभर डोळा लावला नाही. पहाटे चारला उतरलो, सातला वजनं झाली, साडेनऊला पहिला सामना. पूर्वार्ध बरोबरीत सुटला. उत्तरार्धात आमच्या डाव्या कोपऱ्याच्या मुलीच्या पोटरीत दोनदा गोळा आला, तिसऱ्यांदा ती उठलीच नाही. नऊ गुणांनी हरलो. बाद पद्धतीची स्पर्धा, त्यामुळे दुपारी परतीच्या तिकिटांची शोधाशोध सुरू झाली.

विद्यापीठाला दिलेल्या अहवालात मी लिहिलं, "संघाने चांगला खेळ केला, मात्र अनुभव कमी पडला." त्या वाक्याचं मला अजून वाईट वाटतं. मी लिहायला हवं होतं की तिकिटं उशिरा मिळाली. आमच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं असे गुळमुळीत अहवाल दिले म्हणून वरच्या लोकांना पराभवाचं कारण मैदानावरच आहे असं वाटत राहिलं. तुम्ही नवीन आहात, तुम्ही ही सवय लावून घेऊ नका. अहवालात तारखा लिहा: संघ जाहीर अमुक तारखेला, आगाऊ रक्कम अमुक तारखेला, पोचलो अमुक वाजता, सामना अमुक वाजता.

ज्या दोन कुलगुरूंच्या काळात फरक पडला असं म्हणालो, त्यांतल्या एकांनी काय केलं तेवढं सांगतो, कारण ते कुठल्याही विद्यापीठात करता येईल. त्यांनी मार्चमध्ये कुलसचिव, परीक्षा विभाग, लेखा विभाग आणि क्रीडा संचालक यांना एका टेबलाशी बसवलं. परीक्षा विभाग आणि क्रीडा विभाग एकत्र बसल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या बैठकीतून निघालेलं परिपत्रक दीड पानाचं होतं. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची पावती आणि प्राचार्यांचा दाखला यांवर खेळू द्यायचं, पीआरएन नंतर. स्पर्धा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू करायच्या. अंतिम संघाची वाट न बघता प्रत्येक खेळाचे पंचवीस संभाव्य खेळाडू आधी जाहीर करायचे आणि त्यांना महाविद्यालयातच सराव, आहार सुरू करायचा. प्रवासाची रक्कम निघण्याच्या पंधरा दिवस आधी संघ व्यवस्थापकाच्या खात्यात. स्पर्धेमुळे पेपर हुकला तर त्याच सत्रात वेगळी परीक्षा, आणि त्यासाठी अर्ज विद्यार्थ्याने नव्हे, महाविद्यालयाने करायचा.

शेवटचा मुद्दा बारीक वाटेल, पण माझ्या मते सगळ्यांत मोठा तोच होता. खेळाडूंसाठी वेगळ्या परीक्षेची सोय अनेक विद्यापीठांत नियमात असते. पण ती मिळवायला त्या पोराला विभागप्रमुख, प्राचार्य, विद्यापीठाचा क्रीडा विभाग, परीक्षा विभाग अशी चार दारं फिरावी लागतात, आणि तेही स्पर्धेहून परतल्यावर, पुढचे पेपर चालू असताना. माझी एक आठशे मीटरची धावपटू होती. ऊसतोड कामगारांच्या घरातली. वेस्ट झोनला जायचं तर तिचा एक पेपर बुडत होता. ती म्हणाली, "सर, एटीकेटी लागली तर घरचे शिक्षण थांबवतील." ती गेली नाही. त्या वर्षी आमच्या विद्यापीठाने त्या शर्यतीत कोणालाच पाठवलं नाही, आणि मोसमाच्या सुरुवातीला तिने दिलेली वेळ पदकाच्या जवळची होती. प्रशासनाने कोणालाही नकार दिला नव्हता, नियमही होता. फक्त त्या नियमापर्यंत पोचण्याचा सगळा भार अठरा वर्षांच्या मुलीवर टाकलेला होता.

पंजाबकडे वळू. तुम्ही ज्या ट्रॉफीबद्दल म्हणता ती मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी, १९५६-५७ पासून आंतरविद्यापीठ खेळांतल्या एकूण कामगिरीसाठी दिली जाते. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने ती वीसहून अधिक वेळा नेली. ते विद्यापीठ स्थापन झालं १९६९ साली; म्हणजे मुंबई विद्यापीठाहून एका शतकापेक्षा अधिक धाकटं. पतियाळाचं पंजाबी विद्यापीठ आणि चंदीगडचं पंजाब विद्यापीठ हेही तिचे मानकरी. लोक म्हणतात, पंजाबी शरीरयष्टी. मी हे मानत नाही. ट्रॉफीचे गुण हॉकी-कुस्तीपुरते नसतात; तलवारबाजी, सायकलिंग, तिरंदाजी, हँडबॉल सगळ्यांची बेरीज होते. तिथल्या विद्यापीठांनी आणि संलग्न महाविद्यालयांनी पूर्वीच ठरवलं की खेळाडू प्रवेशापासून आपला. वसतिगृह, मेस, फी, प्रशिक्षक यांची सोय प्रवेशाच्या वेळीच ठरते, निवड झाल्यावर नाही. तिथला खेळाडू जुलैपासून एकाच छताखाली राहतो. आपला संघ डिसेंबरात एकमेकांना पहिल्यांदा भेटतो. सामन्यात दिसणारा फरक तो एवढाच.

अलीकडे यात खासगी विद्यापीठं उतरली आहेत. बेंगळुरूच्या जैन विद्यापीठाने २०२२ मध्ये आपल्याच शहरात झालेली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा जिंकली, आणि चंदीगड विद्यापीठाने (हे वर आलेल्या पंजाब विद्यापीठाहून वेगळं) २०२४ ची आझाद ट्रॉफी. त्यांच्या व्यवस्थापनाने खेळ हा नावलौकिकाचा मार्ग मानला आणि शिष्यवृत्त्यांवर पैसा ओतला. खेळाडूच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. त्याला फी माफ होते, जेवण मिळतं. पण एक फरक लक्षात ठेवा. राष्ट्रीय पदक असलेला खेळाडू प्रवेशाला आणणं हे एक काम, आणि गावच्या शाळेतून आलेल्या मुलाला तीन वर्षांत राष्ट्रीय पातळीवर नेणं हे दुसरं. आपल्या सार्वजनिक विद्यापीठांकडे शेकडो संलग्न महाविद्यालयं आहेत, खेड्यापाड्यांत पसरलेली. दुसऱ्या कामासाठी एवढं मोठं जाळं कुठल्या खासगी विद्यापीठाकडे असणार? ते जाळं आपण प्रवेशअर्ज आणि परीक्षाकेंद्रं यांसाठी वापरतो, खेळाडू शोधायला फारसं वापरत नाही.

त्याचा परिणाम असा की मुलं दुसरीकडे जातात. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथे स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची लांब पल्ल्याची शर्यत, धावायला लागला. पुढे पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावला. सैन्याने त्याला घडवलं याचा अभिमानच आहे. पण आष्टी तालुक्यातला असा मुलगा बारावीनंतर जवळच्या महाविद्यालयात गेला असता, तर त्याला तिथे काय मिळालं असतं, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

आणि महाराष्ट्राला हे नवीन नाही. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गोळेश्वर-कराडकडच्या लोकांनी वर्गणी काढली. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आज त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या बॅचला सांगायचो, आणि प्रत्येक नव्या प्राचार्यांनाही. मुलांना त्यात खाशाबा दिसायचे. मला खर्डेकर दिसतात. प्रशासनातला एक माणूस मनावर घेतो तेव्हा काय होतं त्याचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही. पण घर गहाण ठेवणारा प्राचार्य दर पिढीत जन्माला येईल यावर विद्यापीठ चालवता येत नाही. म्हणून तर परिपत्रक हवं, तारीख हवी.

प्राधान्यक्रम बाहेरूनही ठरतो, हे प्राचार्यांशी भांडण्याआधी समजून घ्या. २०१६ साली एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची, पहिली क्रमवारी आली तेव्हा खेळ आणि अभ्यासेतर सुविधांना त्यात स्वतंत्र गुण होते. पुढच्या वर्षीपासून तो निकष राहिला नाही. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात पाचव्या निकषाखाली खेळातली पदकं मोजली जातात, पण ती मोजणी प्रमाणपत्रांच्या संख्येची. त्यामुळे महाविद्यालय दोन खेळांत खोलवर काम करण्याऐवजी वीस खेळांत नावं नोंदवतं. प्राचार्य दुष्ट नसतात. त्यांच्याकडे जे मागितलं जातं ते ते देतात. नव्या शैक्षणिक धोरणाखाली सहअभ्यासक्रमात खेळाला श्रेयांक मिळू लागले आहेत, ही मला चांगली संधी वाटते. तिचा उपयोग सकाळच्या सरावाची हजेरी अधिकृत करून घेण्यासाठी करा. नाहीतर तिथेही एक फाईल तयार होईल आणि मैदान रिकामंच राहील.

मैदानाबद्दल बोलायलाच हवं. तुमचं चारशे मीटरचं मैदान वर्षातले किती दिवस तुमचं असतं, ते एकदा वहीत लिहून काढा. मी एक वर्ष लिहून ठेवलं होतं. परीक्षेच्या काळात वाहनतळ. स्नेहसंमेलनाचा मांडव. एक सभा, एक कृषी प्रदर्शन, एका संस्थाचालकांच्या घरचं लग्न. मांडवाचे खड्डे बुजवताना खडी टाकलेली, तिच्यावर घसरून एका मुलाचा गुडघा कायमचा गेला. इनडोअर हॉल बांधला की तो परीक्षेचा हॉल होतो, बाकं आत ढकलताना लाकडी फरशी ओरखडून निघते. मैदान बांधायला निधी मिळतो, उद्घाटन होतं, फोटो येतो. ते राखायला माळी आणि पाण्याचं कनेक्शन लागतं, त्यासाठी कोणत्याच शीर्षकाखाली पैसे नसतात. नव्या जिमचं तेच होईल. आताच केबल, तेल, मॅट यांच्या वार्षिक खर्चाचं पत्र देऊन ठेवा.

मुलींच्या बाबतीत तर बांधकामाचीही गरज नसते, वेळेची असते. वसतिगृहाचं फाटक सातला बंद होत असेल तर सराव सव्वासहाला संपतो. मैदानाजवळ कपडे बदलायला खोली आणि चालू नळ असलेलं स्वच्छतागृह नसेल तर मुली सरावाआधी पाणी पीत नाहीत, आणि पोटऱ्यांत गोळे का येतात हे मग आपण आहारात शोधत बसतो. संघाबरोबर जायला बाई प्राध्यापक तयार नाहीत म्हणून संघच गेला नाही, असंही मी पाहिलं आहे. त्या बाईंना कर्तव्यरजा मिळत नव्हती, तासिका बुडत होत्या, वर परत आल्यावर हिशेबाच्या पावत्यांसाठी त्यांनाच दटावलं जायचं. कोण तयार होईल?

माणसांचं मी थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही ते भोगत आहात. शारीरिक शिक्षण संचालकाच्या निवडीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत शारीरिक चाचणी आहे. तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १८०० मीटर पार करायचे असतात. चाचणी योग्यच आहे. पण अनेक महाविद्यालयांत हे पद वर्षानुवर्षं रिकामं, काम तासिका तत्त्वावरच्या तरुणाकडे किंवा भूगोलाच्या सरांकडे. पद भरलेलं असतं तिथेही फिजिकल डायरेक्टर म्हणजे शिस्त, ओळखपत्रं, मिरवणूक आणि स्टेजच्या खुर्च्या. सकाळी साडेपाचला मैदानावर असलेल्या माणसाला संध्याकाळी सहापर्यंत ऑफिसात बसवलं की दुसऱ्या वर्षी तो साडेपाचला येत नाही.

कागद किती महत्त्वाचा असतो त्याचं सगळ्यांत क्लेशदायक उदाहरण २०२५ च्या ऱ्हाइन-रूर जागतिक विद्यापीठ स्पर्धेतलं. भारताचे बारा बॅडमिंटनपटू जर्मनीला गेले आणि व्यवस्थापकांच्या बैठकीत सहाच जणांची नावं नोंदवली गेली. उरलेले सहा तिथपर्यंत जाऊन खेळले नाहीत. मिश्र संघाला कांस्यपदक मिळालं, तेही अर्ध्या संघावर. त्याआधी, २०२३ मध्ये चेंगडूला भारताने याच स्पर्धेत २६ पदकं जिंकली होती, ती आपली सर्वोत्तम कामगिरी. गुणवत्ता तयार असते आणि एक यादी वेळेवर पुरी होत नाही. जर्मनीत झालं म्हणून ते बातमीत आलं. जिल्ह्याच्या पातळीवर ते दर मोसमात घडतं.

तर तुम्ही काय करावं? कुलगुरूंपर्यंत तुमचा आवाज लगेच पोचणार नाही, पण तुमच्या प्राचार्यांच्या हातात बरंच आहे. माझ्या एका प्राचार्यांनी एका जूनमध्ये फक्त एवढं केलं: खेळाडूंच्या प्रात्यक्षिकांच्या बॅचेस दुपारी लावल्या. सकाळी सहा ते साडेआठ मुलं मैदानावर, नऊला कॅन्टीनमध्ये नाश्ता जिमखान्याच्या खात्यातून, दहाला वर्गात. पंच्याहत्तर टक्के हजेरीचा प्रश्नच उरला नाही. एक रुपयाही वेगळा मंजूर करून घ्यावा लागला नाही, कारण जिमखाना फी विद्यार्थी भरतातच. ती मोसमाच्या शेवटी ब्लेझरवर खर्च होण्याऐवजी मोसमाच्या सुरुवातीला जेवणावर झाली. तिसऱ्या वर्षी आमच्या एका महाविद्यालयाची नऊ मुलं विद्यापीठाच्या खो-खो संघांत होती.

पैसे मागायला जाऊ नका, निदान पहिल्या वर्षी तरी. तुमच्या महाविद्यालयाचे दोन खेळ निवडा. मागच्या तीन वर्षांच्या तारखा जमवा: प्रवेश, पात्रता अर्ज, स्पर्धा, परीक्षा, निवड, प्रवास. एका कागदावर उभ्या मांडा. जिथे जिथे दोन तारखा एकमेकींवर चढतात तिथे लाल खूण करा. विद्यापीठाच्या क्रीडा मंडळावर तुमच्या जिल्ह्यातलं कोणी असेल तर त्यांनाही एक प्रत द्या. आणि वेळ साधा: पुढच्या वर्षाचं शैक्षणिक वेळापत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये कच्चं असतं. तेव्हा परीक्षा विभागाला एखादा आठवडा इकडेतिकडे करणं जमतं. जूनमध्ये ते छापून आलेलं असतं.